समोरच्या खोलीचा खटका

आमच्या घरात सकाळचा पहिला आवाज स्टूल ओढल्याचा असायचा. कोंबडा नंतर, खाणीचा भोंगा त्याच्याही नंतर. आई अंथरुणातून उठायची ती थेट ओसरीत जायची, लाकडी स्टूल खरखर ओढत भिंतीशी न्यायची, त्यावर चढायची, पदराने मीटरची काच पुसायची आणि मोठ्यांदा आकडा वाचायची. घरात ऐकायला कोणी जागं असो नसो, आकडा वाचला जायचाच. मग शाळेतून आणलेल्या खडूच्या तुकड्याने तो दाराच्या मागच्या फळीवर लिहायची आणि कालच्यातून वजा करायची. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे वजाबाकी उभीच मांडायची, हातच्यासकट. बाबा गोधडीतूनच विचारायचे, "काय म्हनते आज बाजारभाव?" काल कमी युनिट जळले असतील तर आई काही न बोलता चहाला लागायची. जास्त जळले असतील तर त्या दिवशीच्या चहात साखर कमी पडायची, असं बाबांचं म्हणणं होतं. मला ते खरं वाटायचं. अजूनही वाटतं.

घर बालाघाटच्या एका टोकाला, आमच्या वस्तीच्या अगदी शेवटी होतं. पुढे नुसते धानाचे बांध आणि त्यापलीकडून जाणारी छोट्या लाइनची गाडी. एका ओळीत तीन खोल्या, समोर ओसरी, मागे पडवी. आईने बँकेचं कर्ज काढून ते बांधलं होतं आणि बांधून झाल्यावर घराचा कागद बँकेत गेला होता. "आपलं घर" असं मी लाडाने म्हटलं की ती म्हणायची, "अजून नाही. गहान आहे." शब्द असा ठेवायची की मला वाटायचं, एखाद्या दिवशी शाळेतून यावं आणि घर जागेवर नसावं. कर्जाचा हप्ता तिच्या पगारातून परस्पर कापला जाई. पण बँकेतल्या एका कारकुनाने तिला कधीतरी समजावून सांगितलं होतं की हप्त्याखेरीज जे काही भराल ते मुद्दलातून वजा होतं, आणि मुद्दल घटलं की पुढचं व्याजही घटतं. त्या दिवसापासून आईला दुसरं काही सुचेना. जरा पैसे सुटे झाले की ती शाळा सुटल्यावर बँकेत जायची आणि पावती पोलक्यात घालून यायची. दरवर्षी दसऱ्याला आम्ही नागपूरला जायचो. त्यातल्याच पुढच्या एका दसऱ्याला, आधी कर्ज फेडून कागद घरच्या पेटीत ठेवायचा आणि मगच नागपूरची गाडी धरायची, असं तिने ठरवून टाकलं होतं. बँकेने दिलेल्या मुदतीच्या कितीतरी आधीचा तो दसरा होता. तोवर बाकी सगळं थांबणार होतं.

माझ्या मुलाने नागपूरला फ्लॅट घेतला आहे. त्याचंही कर्ज आहे, आणि विजेचा हिशेब त्याला मोबाइलवर बसल्या जागी दिसतो. जास्तीचा हप्ता भरला की तो आधी बायकोला नाही, आजीला फोन करतो. आईला आता कानाने कमी ऐकू येतं, पण ती एकच प्रश्न विचारते, "मूळ किती उरलं?" त्याने सांगितलं की म्हणते, "पाह्य बाबू, व्याजाच्या तोंडात घालू नको." आणि फोन माझ्या हातात देते. पुढचं बोलणं तिच्या कामाचं नसतं.

तर त्या काळात वीज हा आमच्या घरातला एकच असा खर्च होता जो आईच्या हातात होता. धान्य गावाकडून यायचं, कपडे बाबा शिवायचे. ते टेलर होते. उरली वीज. त्यामुळे तिचं सगळं शहाणपण त्या मीटरवर एकवटलं होतं. माणूस ज्या खोलीत, दिवा त्याच खोलीत. दोन माणसं दोन खोल्यांत असतील तर एकाने उठून दुसऱ्याकडे जायचं. मी अभ्यास करायची ती बाबांच्या मशीनशेजारी, कारण तो दिवा तसाही जळतच असायचा, आणि इतिहास पाठ करायचा तो मशीनच्या खडखडाटात. रेडिओवर बातम्या ऐकायच्या, गाणी फक्त रविवारी. बाबांची विजेची प्रेस, म्हणजे इस्त्री, तर तिने पेटीत घालून ठेवली आणि त्यांच्या हातात लाकडी कोळशाची जुनी प्रेस दिली. नवरदेवाच्या पँटवर ठिणगी पडली तर काय करायचं, असं बाबांनी विचारलं. आई म्हणाली, "फुंकर मारत जा." हिवाळ्यात घरात लाखोळीच्या पाल्याची भाजी, तांदळाची भाकर आणि चुलीत भाजलेल्या टमाट्याची चटणी असं रोजचं जेवण असे. आणि मी सांगते, त्या जेवणाची आठवण आली की मला ती काटकसर आठवत नाही, सांभार, म्हणजे कोथिंबीर, घातलेल्या चटणीचा वासच आठवतो. लहानपणी गरिबी कळत नाही असं लोक म्हणतात. कळते. पण भूक लागलेली असते, त्यामुळे चटणी जास्त कळते.

आई चिकट नव्हती, हे मला इथे सांगून ठेवायलाच हवं, कारण आमचे नातेवाईक तिला तसं म्हणत आणि मला राग यायचा. तिच्या त्या घाईला कारण होतं. लग्नानंतर ती आणि बाबा शहरात एका घरमालकाकडे किरायाने राहत होते. आई तेव्हा शिक्षिकेच्या ट्रेनिंगची परीक्षा देत होती आणि मी तिच्या पोटात होते. त्यांच्या खोलीच्या दिव्याचा खटका मालकाच्या माजघरात होता. तिकडची सगळीच घरं तशी. किराया लाइट धरून ठरायचा आणि लाइट मालकाच्या हातात राहायची. मालक जेवून झोपायला गेला की जाता जाता खटका खाली ओढायचा. परीक्षेच्या आदल्या दिवशी असाच अंधार झाला तेव्हा आई पुस्तक हातात घेऊन त्याच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "एक पान राह्यलं जी. तेवढं होऊ द्या." त्याने आतूनच उत्तर दिलं की दिवा काही तुझ्या बापाचा नाही. आणि पुढे आमच्या जातीवरून एक वाक्य बोलला, जे आईने मला आजवर सांगितलेलं नाही. महिन्याभरात त्याने त्यांना खोली सोडायला लावली. परीक्षेत ती पास झाली. पण तेव्हापासून तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच, की आपल्याला "निघा" म्हणायचा अधिकार जगात कोणाजवळही राहता कामा नये. बँकेजवळसुद्धा.

ही गोष्ट आमच्या घरात रडून सांगितली जात नसे, बाबांनी तिची थट्टा करून ठेवली होती. रात्री मशीनवर काम चालू असताना आई येऊन बटणावर हात ठेवायची, की बाबा पायडलवरचा पाय न काढता, हात जोडून, केविलवाणा आवाज काढायचे, "एक पान राह्यलं जी, तेवढं होऊ द्या!" पानाच्या जागी शर्टाची कॉलर असायची. आई हसायची आणि हात काढून घ्यायची. असं कितीतरी वेळा झालं असेल. मला वाटतं, त्या माणसाच्या दारातून आईचं ते वाक्य काढून आणण्याची बाबांची ही रीत होती.

नववीत गेले त्या वर्षी आईने ठरवलं की समोरची खोली किरायाने द्यायची. ते बाबांचं दुकान होतं. रस्त्यावरून दिसायचं, गिऱ्हाईक उभं राहायचं. बाबांनी मशीन उचलून मागच्या पडवीत नेली. किरायाचा पैसा सगळा मुद्दलात जाणार होता आणि दसरा अगदी हाताशी येणार होता. खोलीला आतून बाहेरून पिवळा रंग दिला, आमच्या बाजूचं दार बंद करून घेतलं आणि वायरमन आला. तो म्हणाला, "बाई, सामनेवाले कमरे का स्विच किधर दूँ?" आईने मधल्या खोलीतल्या दाराच्या वर बोट दाखवलं. आमच्या बाजूला. तिने जरासुद्धा विचार केला नाही. घरमालकाच्या घरात खटका जिथे असतो तिथे तो लागला. वायरमनलाही काही वाटलं नाही आणि मलाही नाही. लोखंडी डब्यातला तो खटका ओढला की ठक्क असा आवाज यायचा.

किरायदार म्हणून मीना आली. लामत्याची मुलगी, लांजीकडे दिलेली. नवरा जंगल खात्यात नाकेदार होता, त्याची नेमणूक आत कुठेतरी जंगलात, आणि तो पंधरा दिवसांतून एकदा सायकलवर बसून यायचा. ती माझ्याहून पाचसहा वर्षांनीच मोठी असेल. दिवस गेलेले होते. आईने तिला खोली दाखवली आणि अटी सांगितल्या. किराया लाइट धरून, पण एकच दिवा. आणि खोलीत चूल नाही, शेगडी नाही, नवा रंग धुराने काळा होतो. स्टोव्हवर करायचं काय ते. मीना प्रत्येक अटीला "हौ बाई" म्हणत गेली. रॉकेल रेशनवर मिळतं आणि तिचं कार्ड सासरी लांजीकडे आहे, हे तिने सांगितलं नाही आणि आईनेही विचारलं नाही.

बाळंतपणाला ती लामत्याला गेली. पण माहेरी आई नव्हती. भावजयीने सव्वा महिना केलं आणि सव्वा महिना होताच भावाने तिला छोट्या गाडीत बसवून दिलं. भर थंडीत, मांडीवर मुलगी घेऊन ती परत आली. आमच्याकडची थंडी ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, बालाघाटला जानेवारीत सकाळी धानाच्या बांधावर पाय ठेवला तर तळवे बधिर होतात. मी शाळेतून आले की दप्तर टाकून मुलीला पाहायला पळायची. खोलीत तेलाचा आणि ओव्याचा वास असायचा, आणि मीना पाय पसरून, पायांवर मुलीला पालथी घालून चोळत बसलेली असायची. मला पाहिलं की म्हणायची, "आव बेबी, पकड हिले. लय मस्ती करून राह्यली."

आणि नेमका तेव्हाच मीटर पळायला लागला. पंखे बंद, दिवे तेवढेच, तरी दाराच्या फळीवरची वजाबाकी रोज फुगत चाललेली. आई बावचळली. आधी तिला वाटलं आपलीच वजाबाकी चुकते, म्हणून तिने ती मला करायला लावली. मग तिचा संशय बाबांवर गेला.

"खरं सांगा, करंटची प्रेस काढली का पेटीतून?"

"मास्तरीनबाई, पेटीची चाबी तुमच्या कमरेले हाय."

"मंग युनिट कोन खाऊन राह्यलं?"

"मी तर भाकरच खाल्ली," बाबा म्हणाले.

तिने रेडिओ कपाटावर ठेवून दिला. माझ्या अभ्यासाची वेळ रात्रीवरून दिवसावर आणली. तरी आकडा हटेना. त्यात शाळेकडून मागच्या पगाराचा थकलेला एरियर यायचा होता, तो बँकेत टाकला की कर्ज जवळजवळ संपणार होतं, आणि दुसरीकडून हे असं गळत होतं. चिडून चिडून तिच्या डोळ्यांखाली काळं आलं. मला तिची भीती वाटायची तशीच कीवही यायची. स्टूलवर उभी असली की ती मागून खूप लहान दिसायची.

एका रविवारी, दिवेलागणीला, तिने घरातलं एकेक बटण बंद केलं. मधली खोली, मग चुलीपाशी, मग पडवी. बाबा मशीनवर अंधारात बसून राहिले. मला कंदील धरायला लावून ती ओसरीत स्टूलवर चढली. त्या जुन्या मीटरमध्ये काचेच्या आत एक चांदीच्या रंगाची चकरी असायची, तिच्या कडेला लाल खूण. वीज कमी जळत असली की ती खूण सावकाश फिरून यायची, इतकी की आम्ही वस्तीतली मुलं ती समोर येईपर्यंत श्वास धरून ठेवायची पैज लावायचो. त्या संध्याकाळी, आमचं सगळं घर काळोखात असताना, चकरी गरगर फिरत होती. लाल खूण दिसतच नव्हती. आईने चकरीकडे पाहिलं, मग समोरच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. दाराच्या फटीतून दिव्याचा पिवळा उजेड येत होता आणि खाली उंबऱ्यापाशी दुसरा, लालसर. हीटर. तारेच्या वेटोळ्याचा, मातीच्या ताटलीतला उघडा हीटर, जो तेव्हा बाजारात भाजीच्या दुकानाशेजारीसुद्धा मिळायचा.

ती स्टूलवरून उतरली. आत आली, आमच्या खोलीचा दिवा लावला, चपला काढल्या, आणि टाचा उंच करून तो लोखंडी डब्यातला खटका ओढला. ठक्क.

पलीकडे मुलगी रडायला लागली. पाठोपाठ मीना ओसरीतून आमच्या दाराशी आली. मुलगी उघडीच होती, तेल लावलेली, पदरात गुंडाळलेली. ती आधी म्हणाली, "बाई, लाइट गेली का जी?" मग तिला आमचा दिवा दिसला. आई दाराखाली उभी होती. तिचा हात अजून खटक्यावरून पुरता खाली आला नव्हता.

"गेली नाही. मी बंद केली. काहून लावला हीटर? तुले सांगितलं होतं ना एकच दिवा म्हनून? माह्या घरावर कर्ज आहे, मीना. मी एकेक युनिट वाचवून राह्यली आन् तू…"

मीनाने मान खाली घातली. तिने भांडावं, रेशनकार्डाचं सांगावं, शेगडी तुम्हीच बंद केली म्हणावं, असं मला आता वाटतं. ती एवढंच म्हणाली, "हौ बाई. चूक झाली. उद्या खोली सोडून देईन." आणि मुलीचे पाय पदरात कोंबत, अगदी हळू, "पन आता थोडा वेळ चालू करा जी. पोरीचा शेक अर्धा राह्यला. तेवढा होऊ द्या. मंग करा बंद."

आई जागची हलली नाही. मला तिचा चेहरा दिसत होता, आणि त्यावर काहीच नव्हतं. मागे पडवीच्या दारात बाबा येऊन उभे होते, हातात कैची, गळ्यात टेप. त्यांनी आईकडे पाहिलं. आणि रोजचे तेच शब्द बोलले, पण हात जोडले नाहीत आणि आवाजही केविलवाणा काढला नाही.

"एक पान राह्यलं जी."

आईने खटका वर केला. ठक्क असा आवाज झाला आणि समोरच्या खोलीचा उजेड ओसरीत पडला. मग ती जी खाली बसली ती उंबऱ्यावरच बसली, पदर तोंडाला लावून. मी आईला तोवर रडताना पाहिलं नव्हतं. मीना तर घाबरूनच गेली, तिला वाटलं आपण काहीतरी भलतं बोललो. "बाई, काय झालं जी? माह्यानं चुकलं…" असं ती परत परत म्हणत होती. आईने डोळे पुसले, उठली आणि तिच्या हातातून मुलगी काढून घेतली. "चाल. थंडी लागन तिले," म्हणाली, आणि तिच्या खोलीत गेली. मी दारातून पाहत होते. हीटरवर हात धरून तळवे गरम करायची आणि ते मुलीच्या पोटाला, पाठीला, गुडघ्यांना लावायची. कितीतरी वेळ तशी बसली होती. तेवढ्या वेळात चकरी किती फिरली असेल याचा विचार त्या घरात फक्त मी केला.

त्या रात्री आईबाबांचं बोलणं झालं ते भाकरी खाताना, माझ्यासमोरच. आई म्हणाली, "तिच्या खोलीले वेगळं मीटर घ्याचं. तिच्या नावाचं."

बाबांचा घास हातातच राहिला. "तिच्या नावाचं? तुह्या नावाचं घे, लाइट तिची तिले देऊ."

"माह्या नावाचं असलं तर खटका माह्याच हातात राह्यला ना."

"बाई, लोक किरायदाराले किरायाची पावती देत नाहीत. बिलावर नाव लागलं का उद्या म्हनन, घर माहं हाय."

"म्हनो."

"आन् कर्ज?"

आईने भाकरीचा तुकडा मोडला आणि तो ताटातच ठेवला. मला वाटलं ती आता मागे घेईल. मग म्हणाली, "एरियर येऊन राह्यला ना. त्याच्यातून करू. दसऱ्याले नाही तर मंग उन्हाळ्यात फिटन." हे बोलताना ती ताटाकडेच पाहत होती. लाज वाटून नव्हे, दसरा हातचा गेला म्हणून. तिला ते जड गेलं होतं आणि ती ते लपवत नव्हती. बाबांनी ताटातली चटणी तिच्या ताटात वाढली. हे त्यांचं संमतीपत्र.

खरं संमतीपत्र द्यायला मात्र फार चकरा झाल्या. वीज कार्यालयात सांगितलं की घरमालकाची संमती द्या आणि घराचा कागद दाखवा. कागद बँकेच्या तिजोरीत. म्हणून आई मला घेऊन बँकेत गेली. कारकुनाने मूळ कागद काढून तिच्यासमोर ठेवला, आणि झेरॉक्स करायला शिपाई येईपर्यंत तो तिच्यापुढे पडून होता. तिने तो हातात घेतला नाही. बोटाने नुसतं स्वतःचं नाव चाचपलं. कारकून म्हणाला, "मॅडम, आपका तो बस थोड़ा सा बचा है, लोग पूरा समय लेते हैं. इतनी जल्दी क्या है?" आई म्हणाली, "जल्दी थी. अब थोड़ी कम है." घरी येताना तिने मला बसस्टँडवर गरम भजी घेऊन दिली. काही फिटलं नसताना, उलट लांबलेलं असताना, भजी. मला उलगडा झाला नाही, मी खाल्ली.

मीनाला हे सगळं सांगितलं तेव्हा ती आधी नाहीच म्हणाली. आपलं नाव सरकारी कागदावर लागलं तर नवऱ्याला काही होईल, अशी तिला भीती. नाकेदार जंगलातून आल्यावर त्याने समजावलं. अर्जावर सही करताना तिने श्वास रोखून धरला होता. ओसरीत आमच्या मीटरशेजारी दुसरा मीटर बसला, वायरमनने मधल्या खोलीतल्या खटक्याच्या तारा उपसून काढल्या. डबा काढू का, असं त्याने विचारलं तर आई म्हणाली, "राहू दे." तो अजून आहे. घराला कितीदा रंग झाला, दर वेळी रंगाऱ्याला सांगावं लागतं की त्याला हात लावू नको, त्यात करंट नाही. शिवाय शेगडीचीही बंदी उठली. भिंत काळी झाली तर चुना मारू, म्हणाली. भिंत झालीच काळी.

पहिलं बिल आलं तेव्हा मीना ते घेऊन आमच्याकडे धावत आली. आकडा किती आहे हे तिने पाहिलंच नव्हतं. तिने नाव पाहिलं होतं. "बाई, माहं नाव बराबर लिवलं," म्हणाली. पण पुढच्या महिन्यापासून आकडाही पाहायला लागली. आईने तिला मीटर वाचायला शिकवलं, आणि मग सकाळी ओसरीत दोन स्टूल ओढल्याचे आवाज यायला लागले. आई इकडच्या स्टूलवर, मीना तिकडच्या, काखेत मुलगी. "तुझं किती?" "माहं कमी आहे, बाई!" मीना जिंकली की दिवसभर गात असायची. हीटर तर तिने स्वतःच माळ्यावर टाकून दिला. बाबा म्हणायचे, एक होती तेव्हा मी कसाबसा जगत होतो, आता दोन झाल्या.

दसऱ्याला आम्ही नागपूरला गेलो, कागदाशिवाय. आई वाटेत खिडकीबाहेर पाहत बसली होती. कर्ज फिटलं ते उन्हाळ्यात, मोहफुलं पडायच्या दिवसांत. बँकेतून कागद घेऊन आई पायीच आली, रिक्षात कागद उडेल म्हणून. बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे तो ठेवला, मेणबत्ती लावली आणि आम्ही तिघं तशीच उभी राहिलो. संध्याकाळ झाली तेव्हा बाबा अचानक ओरडले, "आज हिशोब बंद! घरातले सगळे दिवे लावा!" आणि त्यांनी पेटीतून विजेची प्रेस काढली आणि नुसतीच तापत ठेवली, कापड न घेता. मी पळत पळत सगळ्या खोल्यांचे दिवे लावले. पडवीचाही, न्हाणीचाही. आई ओसरीत आली, तिने चकरी पाहिली. गरगर फिरत होती. आणि ती हसली.

मग तिचं लक्ष समोरच्या खोलीकडे गेलं. तिथे फटीतून एकच मंद दिवा दिसत होता. आईने दार वाजवलं. "मीना, आज घर सुटलं माहं! तुह्या खोलीतला मोठा दिवा बी लाव. ओसरीतला बी लाव. सगळं घर दिसू दे रस्त्यावरून."

दार उघडून मीना बाहेर आली. मुलगी आता तिच्या बोटाला धरून उभी राहत होती. तिला मनापासून आनंद झाला होता, तिने आईचे हातही हातात धरले. पण मग तिने स्वतःच्या मीटरकडे पाहिलं आणि मान हलवली.

"नाही बाई. माहा मीटर वेगळा आहे. बिल मले येईन."

आई क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. आणि हसायला लागली. पोट धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाबा आतून विचारत होते काय झालं, आणि तिला बोलता येईना. शेवटी कशीबशी म्हणाली, "अजी, नाही म्हनते. माह्याच घरात मले नाही म्हनते!" मला आठवतं, आई इतकी खूश बँकेतून कागद आणतानासुद्धा दिसली नव्हती.